उंबऱ्यावरची चांदी

"कमरंला बांध. वरनं लुगडं आवळ आणि मागच्या बोळानं नीघ, मालन. कुणी बघायच्या आत."

एवढं बोलून पद्माक्कानं माझ्या हातात कमरपट्टा कोंबला आणि ती परत भट्टीकडं वळली. आम्ही तिच्या दुकानामागच्या आटणीत उभ्या होतो. आटणी म्हणजे चांदी वितळवायची खोली. चांदीकामाच्या आमच्या गावात प्रत्येक मोठ्या व्यापाऱ्याच्या दुकानामागं ती असायचीच. भट्टी पेटलेली होती, तिच्यावरची मूस, म्हणजे आटवायचं भांडं, लालभडक झाली होती. पद्माक्का म्हणजे भूपालअण्णा मगदुमांची बायको. तिच्या डोक्यावरचा पदर ढळलेला मी जन्मात बघितला नव्हता. आज तीच पदर खोचून, केस सुटलेले, लांब चिमट्यानं मुशीत एकेक वस्तू सोडत होती. देव्हाऱ्यातली निरांजनं. अत्तरदाणी. पोराच्या बारशातले वाळे.

"अक्का, हे काय मांडलंयस?"

"घरातली चांदी आटवतोय, वाटणीत घालाय. यांनी दिवा लावला मघाशी. तुला ठाऊक न्हाई?"



दिवा लावला म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळायचं. ज्या व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं, त्यानं दुकानातली गादी उलटी करायची, भर दिवसा दिवा लावायचा आणि उघड्या जमिनीवर बसायचं. दिवा लागला की तिजोरीतला माल त्याचा राहिला नाही आणि दुसऱ्या कुणा एकाचाही झाला नाही. पंच येणार, सगळा माल एका काट्यावर चढणार, आणि ज्याचं जेवढं अडकलंय त्या मानानं प्रत्येकाला मिळणार. ओरडणाऱ्याला जास्त नाही, गप्प बसणाऱ्याला कमी नाही. आणि दिवा जळतोय तोवर त्या माणसाच्या अंगाला कुणी बोट लावायचं नाही.

दक्षिणेतला कुणी व्यापारी अण्णांचा वर्षाचा माल घेऊन गडप झाला होता. कुजबूज होती, पण अण्णा बुडतील असं कुणाला वाटलं नव्हतं. निम्मं गाव त्यांच्या जिवावर जेवत होतं.

"आणि ह्यो पट्टा?" मी विचारलं.

"तुझ्या नवऱ्यानं केलेला हाय. मी तिजोरीतनं काढला. यांना ठाऊक न्हाई." पद्माक्काचे डोळे धुरानं लाल झाले होते, का रडून, देव जाणे. "लग्न तोंडावर आलंय तुझ्या इंदूचं. काट्यावर चढला तर तुझ्या हाताला काय लागणार हाय गं? चिमूटभर. जा तू."

तो पट्टा माझ्या दिनकरचा शेवटचा होता. भट्टीच्या धुरानं त्याची छाती गेली होती. पाठीला उशी लावून, खोकत खोकत त्यानं एक अख्खा हिवाळा त्यावर घालवला. सगळं जाळीचं काम, आणि मधल्या पदकावर समोरासमोर दोन मोर. मोराचा तुरासुद्धा तारेचा, केसाएवढ्या बारीक तारेचा. गावातले जाणते कारागीर मुद्दाम घरी येऊन बघून गेले होते. पट्टा पुरा झाला आणि माणूस गेला. अण्णांनी तो रीतसर विकत घेतला, पैसे इंदूच्या लग्नाला द्यायचे ठरले. म्हणजे पट्टा अण्णांचा झाला होता आणि माझे फक्त पैसे अडकले होते. तिजोरीतल्या प्रत्येक दागिन्याची गोष्ट अशीच होती. गावातल्या प्रत्येकाचं काम आत आणि मजुरी उधार.

मला हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण इंदूच्या सासरच्यांना बोललेलं मानपान त्या पट्ट्यावरच उभं होतं. ते झालं नसतं तर त्यांनी सरळ दुसरी पोरगी बघितली असती. मी पट्टा कमरेला बांधला, वरनं लुगडं घट्ट आवळलं आणि मागचं दार उघडलं.

बोळाच्या तोंडाशी चार धटिंगण काठ्या घेऊन उभे होते. सर्जेराव इंगवल्याची माणसं. हा सर्जेराव अण्णांना कच्ची चांदी पुरवायचा. तालमीत वाढलेला आणि अंगात मस्ती. अण्णांकडं त्याचं येणं सगळ्यात मोठं होतं.

"मागनं कुणी जायचं न्हाई, बाई," त्यातला एक म्हणाला. "माल बाहेर जातोय म्हणं."

मी दार लावलं. आता एकच वाट होती, दुकानातनं पुढच्या दारानं. आटणी आणि दुकानाच्या मध्ये काळ्या दगडाचा एक उंबरा होता. तो ओलांडून मी दुकानात आले.

दुकान माणसांनी भरलं होतं आणि आवाज म्हणून नव्हता. सगळे कारागीर खाली बसले होते, गुडघे छातीशी घेऊन. उलट्या गादीशेजारी समई जळत होती. बाहेर लख्ख ऊन, त्यामुळं तिची ज्योत नीट दिसतसुद्धा नव्हती. अण्णा जमिनीवर मान खाली घालून बसले होते. पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर टोपी नाही. 

माझा धाकटा दीर बाबू दाराशीच बसला होता. कामावरनं तसाच उठून आलेला, कमरेला ठोकणी, म्हणजे ठोकायची छोटी हातोडी, खोचलेली.

"वैनी, तुमी हितं?"

"कानावर आलं. आले."

"बसा मग. पंचांना सांगावा गेलाय. मिळंल ते सगळ्यांसंगं." मग तो माझ्याकडं वाकून हळूच म्हणाला, "दादाचा पट्टा आत तिजोरीत हाय. मघापासनं माझं मलाच धरून बसलोय बघा. न्हाईतर तिजोरी फोडून पयला त्योच उचलला असता."

माझ्या कमरेला पट्टा चटका बसल्यागत लागला. "बरं केलंत भावजी," म्हणाले आणि तिथंच भिंतीला टेकले. उठून चालू लागले असते तर बाबूनंच विचारलं असतं, वैनी कुठं निघालात.

तेवढ्यात सर्जेराव आला. पायातलं न काढता आत आला, त्याच्यामागं काठ्या घेतलेली त्याची पोरं.

"किल्ली टाक, भूपाल."

अण्णा म्हणाले, "पंच येऊ देत, सर्जेराव. दिवा लावलाय मी."

"दिवा लाव न्हाईतर दिवटी लाव. आत हाय ती सगळी चांदी माझी हाय. ह्या कारागिरांनी काय घरनं आणली व्हय? मी दिली, ह्यांनी ठोकली."

"तुमचं येणं मोठं हाय, तुमाला मोठा वाटा मिळंल. पण सगळ्यांसंगं."

"सगळ्यांसंगं!" सर्जेराव हसला आणि त्यानं समईला लाथ घातली.

समई भिंतीवर आपटली. तेल उलट्या गादीवर सांडलं आणि ज्योत विझली. बसलेल्या माणसांतनं एक आवाज उठला, अंगावर पाल पडल्यावर माणूस करतो तसा. सर्जेरावाच्या एका पोरानं अण्णांच्या कानाखाली वाजवली. म्हातारा माणूस, भेलकांडत तिजोरीवर गेला. दुसऱ्यानं त्यांचा सदरा फाडून किल्ली ओढून काढली.

"अरं ए!" बाबू उठला. "दिवा लावलेल्या माणसाला मारतोस? आई घातली तुझ्या!"

मग काय विचारता. कारागीर उठले. बारीक कामं करणारी माणसं ती, पण दिवसभर ठोकून ठोकून त्यांची मनगटं लोखंडाची झालेली. बाबूनं एकाचं डोकं दारावर आपटलं. कुणाच्या तरी तोंडातनं दात उडालेला मी स्वतः बघितला. एक काठी माझ्या खांद्यावर बसली, मी आडवी झाले, मागनं कुणी तरी मला ओढलं आणि माझा पदर, ओचा सगळं सुटलं.

पट्टा दिसला.

पयल्यांदा कल्लाप्पानं बघितला. आमच्याच गल्लीतला, साखळीचं काम करायचा. त्याचा हात सर्जेरावाच्या पोराच्या गळ्यावर होता, तो तसाच सुटला. "मोराचा पट्टा," तो म्हणाला. मोठ्यानं नाही म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. हां हां म्हणता मारामारी थांबली. सगळी पेठ माझ्या कमरेकडं बघत होती. मी लुगडं सावरत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बाबू पुढं आला. त्याच्या भुवईतनं रक्त गळत होतं.

"वैनी. ह्यो कुणी दिला?"

मी पदर पट्ट्यावर ओढला.

"तू हितं येऊन बसलीस माझ्याशेजारी. ह्यो बांधून." आयुष्यात पयल्यांदा त्यानं मला तू म्हटलं. "कुणी दिला?"

"मी दिला," अण्णा म्हणाले.

मी वळून बघितलं. अण्णा तिजोरीला धरून उभे राहिले होते. ओठ फुटलेला. त्यांना पट्ट्यातलं काही माहीत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण आटणीच्या दारात त्यांची बायको उभी होती, तिचं तोंड बघून त्यांना सगळं कळलं असणार. "मीच दिला," ते परत म्हणाले. "बाईमाणूस. विधवा."

"म्हंजे दिवा लावायच्या आधी वाटून झालं व्हय?" मागनं कुणी तरी ओरडला.

"आमी काय मेलोय? आमच्या पोरी न्हाईत?"

"खोटा दिवा! खोटा दिवा लावला म्हाताऱ्यानं!"

सर्जेराव बाजूला उभा राहून मिशीत हसत होता. आता त्याला काही करायची गरजच नव्हती. अण्णांना वाचवायला उठलेली माणसं अण्णांवर तुटून पडली. लाथा, बुक्क्या, कोपरं. ज्यांची चूल अण्णांनी पेटती ठेवली होती, तीच माणसं. एकानं खाली पडलेल्या किल्लीनं तिजोरी उघडली आणि पैंजण, वाळे, छल्ले, साखळ्या सगळं जमिनीवर ओतलं. आमचे कारागीर आपलं काम अंधारातसुद्धा ओळखतात. प्रत्येकाची एक मोड असते, एक टाका असतो. "ह्ये माझं!" "सोड, माझं हाय ते!" माणसं जमिनीवर लोळत होती. कल्लाप्पा आणि त्याचा सख्खा मेव्हणा शिवगोंडा एकाच पैंजणाची दोन टोकं धरून ओढत होते. दोघांनी मिळून केलेला पैंजण तो. शिवगोंडानं कल्लाप्पाच्या हाताला कचकन चावा घेतला, पैंजण तुटला, घुंगरं खोलीभर उडाली. आणि ज्यांचं काम आधीच विकलं गेलं होतं, ज्यांचं ओळखायला तिथं काहीच उरलं नव्हतं, ते दिसेल ते ओरबाडत होते आणि दिसेल त्याला मारत होते. लोकाच्या डोळ्यांत बोटं घालत होते.

बाबूनं अण्णांचा उजवा हात तिजोरीच्या पायरीवर दाबून धरला होता. दुसऱ्या हातात ठोकणी.

"ह्याच हातानं दिलास न्हवं?"

अण्णांनी हात ओढला नाही. डोळे मिटले फक्त.

"भावजी!" मी किंचाळले. कुणाला ऐकू जातंय? पद्माक्का उंबऱ्यात कोसळून कपाळ दगडावर आपटून घेत होती. ठोकणी खाली आली. मला अजून तो आवाज येतो. बोटं मोडल्याचा आवाज लई बारीक असतो. अण्णा गुरासारखे ओरडले आणि बाबूनं ठोकणी परत उचलली.

मी काय ठरवलं, कधी ठरवलं, मला विचारू नका. मी पद्माक्काला ओलांडून आटणीत शिरले. पट्ट्याचा फासा निघेना, मी तो कातडीसकट ओढून काढला. भट्टीशी उभी राहिले आणि पट्टा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

"दिनकरचा पट्टा!" मी ओरडले. एवढा आवाज माझ्यात असेल असं मलाच वाटलं नव्हतं. "बघून घ्या! शेवटचा बघून घ्या!"

बाबूनं वर बघितलं. तिथनं उघड्या दारातनं भट्टी समोर दिसत होती.

"वैनी, नको—"

मी पट्टा मुशीत सोडला.

पयल्यांदा जाळी गेली. जाळी बारीक असते, ती लगेच लाल होऊन खाली बसते. पदक थोडा वेळ तसंच उभं होतं, दोन मोर समोरासमोर. मग तुरे गेले, मग माना गेल्या, मग नुसतं पाणी. पद्माक्काच्या निरांजनात आणि तिच्या पोराच्या वाळ्यांत माझा नवरा मिसळून गेला. मी चिमट्यानं मूस ढवळली.

दुकानात कुणी हलत नव्हतं. इतका वेळ माणसाला ठोकताना ज्यांना काही वाटलं नव्हतं, ते पट्टा वितळलेला बघून दगड झाले होते. कारागीर ना सगळे. असलं काम आटवताना बघणं म्हणजे आमच्यात प्रेत बघण्यासारखं.

"झालं?" मी म्हणाले. "मला आधी दिला होता न्हवं? बघा, घातला. आता माझा ह्यात कुठला, सांगा काढून. कल्लाप्पा, सांग की. पद्माक्काचे वाळे कुठले? मोर कुठले?"

कल्लाप्पाच्या हातातनं रक्त टपकत होतं. तो तुटक्या पैंजणाकडं बघत राहिला.

"आणा की हिकडं," मी म्हणाले. "का अजून एखाद्याचा हात मोडायचा राहिलाय?"

कल्लाप्पा उठला. लंगडत आला आणि त्यानं अर्धा पैंजण मुशीत टाकला. त्याच्यामागं शिवगोंडा आला, मान खाली घालून, दुसरा अर्धा घेऊन. मग एकेक जण. कुणी खिशातनं काढत होतं, कुणी धोतराच्या निऱ्यांतनं. एकानं तर तोंडातनं दोन छल्ले काढले. शरमेनं कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"थांबा की लेकांनो!" सर्जेराव पुढं आला. त्याला आता कळलं होतं की माल चाललाय. "बाईचं ऐकताय व्हय? ती चांदी माझी हाय. ए, मूस उचला रं ती!"

त्याची पोरं चुळबुळली, पण पुढं आली नाहीत. मग तो स्वतः आला. हातात दाराचा लोखंडी अडसर. कारागिरांना दोन्ही अंगांना लोटत तो उंबऱ्यापर्यंत पोचला. पद्माक्का त्याच्या पायापाशी पडलेली, तिला त्यानं पायानं बाजूला केलं.

मी चिमट्यानं मूस उचलली. जड होती. 

"सर्जेराव, मागं सर."

"तू मला सांगणार?" त्यानं अडसर उचलला. "दीडदमडीची कारागिरीण—"

मी ओतली.

त्याच्या अंगावर नाही ओतली. आज वाटतं, ओतली असती तरी काही वाटलं नसतं. उंबऱ्यावर ओतली, त्याच्या पायाच्या अंगठ्यापुढं. चांदीची धार दगडावर पडली आणि चरचर करत फुटली. थेंब उडाले, त्याच्या वहाणेचं कातडं जळल्याचा वास सुटला, धोतराला भोकं पडली. तो बोंबलत मागं उडाला आणि सांडलेल्या घुंगरांवरनं घसरून पाठीवर पडला.

"अजून हाय मुशीत," मी म्हणाले. "ये."

तो आला नाही. बाबू त्याच्या छातीवर पाय देऊन उभा होता. बाबूच्या हातात ठोकणी होती, आणि क्षणभर मला वाटलं, आज हा खून करतोय.

"भावजी," मी म्हणाले. "त्याचं पण अडकलंय. बसू द्या त्याला. सगळ्यांसंगं."

बाबूनं किती तरी वेळ पाय काढला नाही. मग काढला. खाली पडलेली समई उचलली, वात सरळ केली आणि काडी ओढली.

पंच आले तेव्हा दुकान रक्तानं आणि तेलानं माखलं होतं. दिवा जळत होता, आणि सगळे खाली बसले होते. भिंतीला टेकून सर्जेरावसुद्धा. अण्णांचा हात पद्माक्कानं लुगडं फाडून बांधला होता. पंचांतले मोठे म्हणजे तवनाप्पा चौगुले, जाड भिंगाचा चष्मा लावणारे गृहस्थ. त्यांनी चौफेर बघितलं आणि म्हणाले, "काय झालं हितं?"  मग त्यांनी नुसता काटा मागवला.

लगडी ओतल्या, थंड केल्या, काट्यावर चढवल्या. प्रत्येकाचं किती अडकलंय ते विचारलं. खोटं बोलायची कुणाची छाती झाली नाही. रुपयाला पाच आण्याच्या आसपास बसत होतं. सर्जेरावाला रुपयाला पाच आणे, कल्लाप्पाला रुपयाला पाच आणे, मला रुपयाला पाच आणे. सर्जेरावाची लगड सगळ्यात मोठी होती, कारण त्याचं येणंच मोठं होतं. त्यानं ती मुकाट्यानं घेतली. मागनं कोल्हापूरला नादारीचा खटला चालला तेव्हा वकील आमच्यावर लई चिडला. बाईनं परस्पर माल आटवला हे बेकायदेशीर आहे म्हणाला. मग न्यायाधीशांनी वाटप बघितलं आणि वकिलाला विचारलं, ह्यात तुम्ही वेगळं काय केलं असतं. वकील खाली बसला.

पण ते मागनंचं. त्या दिवशी वाटणी करताना तवनाप्पा अडले.

"माल कमी भरतोय," ते म्हणाले. "तिजोरीची आणि घरची चांदी जेवढी सांगताय, तेवढी हितं न्हाई."

सगळ्यांनी उंबऱ्याकडं बघितलं. काळ्या दगडावर चांदी पसरून घट्ट बसली होती. दगडाच्या भेगांतनं आत गेली होती.

"छिन्नीनं काढता ईल," कुणी तरी म्हणालं.

"नको काढाय," मी म्हणाले. "मी ओतली. माझ्या वाट्यातनं कापा."

तवनाप्पांनी मान हलवली. माझी लगड आधीच एवढीशी होती. त्यातनं तेवढं कापलं असतं तर मला रिकाम्या हातानं घरी जावं लागलं असतं. तवनाप्पा माझ्या लगडीला हात घालणार, तेवढ्यात बाबू उठला. इतका वेळ तो कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला होता. ज्या हातानं ठोकणी मारली, तो हात मांडीखाली दाबून.

"वैनीचं काय कापायचं न्हाई," तो म्हणाला. आवाज फाटलेला होता. "दादा हाय त्यात. तुमी सगळ्यांनी बघितलंय. सगळ्यांच्यातनं कापा. सारखं."

 कल्लाप्पानं आपली लगड पुढं सरकवली. मग शिवगोंडानं. मग एकेक जण. सर्जेराव सगळ्यात शेवटी. तो जळलेल्या वहाणेकडं बघत होता. त्यानं लगड सरकवली, कुणाकडं न बघता.

बाबू माझ्यापाशी आला आणि तिथंच जमिनीवर बसला. "तुमी मला माफ करा वैनी," म्हणाला आणि अण्णांच्या पायाशी जाऊन लहान पोरागत रडला. अण्णांनी डाव्या हातानं त्याच्या डोक्यावर थोपटलं. उजवा हात त्यांना नंतर कधी धड वापरता आला नाही.

इंदूचं ते स्थळ मोडलं. पोरगी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पुढल्या वर्षी दुसरीकडं लग्न झालं, साधं, हळदीला बाबूनं स्वतः पाट मांडला. त्या पाच आण्यांच्या लगडीतनं बाबूनं तिला बारीक जोडवी करून दिली. तीच ती घालते अजून.

अण्णांचं दुकान गेलं, मग घर गेलं. आता तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. नव्या मालकानं सगळं पाडून नवं बांधलं, पण आतला उंबरा तसाच ठेवला, दगड चांगला होता म्हणून. भेगांतली चांदी काळी पडलीय, माहीत नसेल त्याला शिसं वाटेल. मी कधी त्या बाजूला गेले तर बाहेरनंच बघते. परवा तिथला पोरगा म्हणाला, "आजी, आत या की, काय पायजे?"

"काय न्हाई बाबा," मी म्हणाले. "आमच्या सगळ्यांचं थोडं थोडं हाय हितं."